समुद्रापार जाणारा कॅमेरा

परदेशीं छायाचित्रें घेण्यास निघालेल्या मनुष्याच्या घरीं आदली रात्र बहुधा एकाच प्रकारची असते. पलंगावर कॅमेरे, लेन्स, बॅटऱ्या आणि वायरी मांडलेल्या असतात, मोठी बॅग तोंड उघडून बसलेली असते, आणि घरांतील प्रत्येक जण एकेक वस्तु उचलून "हेंही राहूं द्या, लागलें तर?" असें म्हणत असतो. या 'लागलें तर' नें जितक्या बॅगा जड केल्या असतील, तितक्या दुसऱ्या कशानेंही केल्या नसतील. आणि मौज अशी कीं, इतकें सारें भरूनही ऐन वेळीं जी वस्तु हवी असते, ती नेमकी घरच्या टेबलावर राहिलेली असते.

हा प्रश्न केवळ सोयीचा नाहीं. मध्यम स्थितीच्या कुटुंबांत अशा प्रवासामागें कित्येक वर्षांची शिल्लक असते, आणि कॅमेऱ्याची किंमत पुष्कळदां विमानाच्या तिकिटाहून अधिक असते. घरापासून हजारों मैलांवर एक वायर तुटली, किंवा भिंगांत ओल शिरली, तर ओळखीचा दुकानदार तेथें नसतो. आणि जें दृश्य पाहण्यासाठीं एवढा खटाटोप केला, तें पुन्हा समोर येईलच असें नाहीं. म्हणून बॅग कशी भरावी, याचा विचार शेवटच्या रात्रीं न करतां निदान महिनाभर आधीं झाला पाहिजे.

बॅग घरीं भरली जाते हें खरें. परंतु तिची परीक्षा घरीं होत नाहीं, ती वाटेवर होते. पुण्यामुंबईच्या रहिवाशाला ही परीक्षा थोडक्या खर्चांत घेतां येईल अशी भूमि जवळच आहे. पुणें जिल्ह्याच्या उत्तरेकडील जुन्नर आणि आंबेगांव हे ते दोन तालुके. तेथें चढ आहे, लेण्यांतील अंधार आहे, घाटमाथ्यावरचें धुकें आहे, आणि नाणेघाटाच्या रूपानें जकातीची आठवणही आहे. परदेशांत कॅमेऱ्यावर जे प्रसंग येतात, त्यांपैकीं बहुतेकांची तालीम येथें दोनतीन दिवसांत होऊं शकते.

सामग्रीची निवड कशी असावी, याचें एक उत्तम उदाहरण महाराष्ट्राच्या इतिहासांतच आहे. दादासाहेब फाळके १९१२ साली आयुर्विम्याच्या पॉलिसीवर कर्ज काढून लंडनला गेले आणि सुमारें दोन महिन्यांत परतले. तेथें त्यांनीं विल्यमसनच्या कारखान्याचा चलच्चित्रांचा कॅमेरा निवडला; परंतु केवळ कॅमेरा घेऊन ते थांबले नाहींत. कोऱ्या फिल्मच्या कडांना छिद्रें पाडणारें यंत्र, फिल्म धुण्याचें व छापण्याचें साहित्य आणि कच्ची फिल्म यांचीही तरतूद त्यांनीं केली. छिद्रें पाडण्याचें यंत्र ही दिसण्यास क्षुल्लक वस्तु. पण छिद्रें नसतील तर फिल्म पुढें सरकत नाहीं, आणि फिल्म सरकली नाहीं तर उत्तमांतला उत्तम कॅमेरा म्हणजे केवळ एक पेटी. परत आल्यावर त्यांनीं प्रथम रोपट्याच्या वाढीचें एक लहानसें चित्र करून आपली विद्या आणि सामग्री हीं दोन्ही सिद्ध केलीं. 'राजा हरिश्चंद्र' त्यानंतरचा; तो ३ मे १९१३ रोजीं मुंबईच्या कॉरोनेशन थिएटरांत लोकांपुढें आला.

यांत दोन धडे आहेत. पहिला असा कीं, सामग्री ही साखळी असते. तिची किंमत सर्वांत महाग कडीवर नव्हे, तर सुटलेल्या कडीवर ठरते. आजच्या काळीं छिद्रें पाडण्याच्या यंत्राची जागा चार्जरनें, मेमरी कार्डानें आणि कार्ड वाचणाऱ्या लहानशा यंत्रानें घेतली आहे. दुसरा धडा असा कीं, मोठ्या कामापूर्वीं लहान काम करून पाहावें. जुन्नर-आंबेगांवची फेरी म्हणजे प्रवाशाचें तें रोपट्याचें चित्र होय.

प्रथम वजन. अनेक विमान कंपन्या प्रवाशाबरोबरच्या हातबॅगेस ७ किलोंचीच मुभा देतात. आणि कॅमेरा व लेन्स तर हातबॅगेंतच न्यावयाच्या, कारण सामानकक्षांत टाकलेली बॅग आदळते आणि कधीं कधीं हरवतेही. मग हे ७ किलो कसे वांटावे? रिकामी बॅग १ किलो ८०० ग्रॅम, मुख्य कॅमेरा ७०० ग्रॅम, दुसरा हलका कॅमेरा ५०० ग्रॅम, नेहमींच्या वापराची लेन्स ८०० ग्रॅम, दूरचें टिपणारी लेन्स १ किलो ४०० ग्रॅम, अंधारांत उपयोगी पडणारी छोटी लेन्स ३०० ग्रॅम, आणि बॅटऱ्या, चार्जर, कार्डें, वायरी व पुसणीं मिळून ७०० ग्रॅम, असा हिशेब धरला तरी ६ किलो २०० ग्रॅम होतात. उरलेल्या ८०० ग्रॅमांत कागदपत्रें, औषधें आणि चित्रांच्या प्रती ठेवण्याची डिस्क बसवावयाची. म्हणजे 'लागलें तर' ला जागा उरतच नाहीं.

ही बॅग पाठीवर घेऊन प्रवाशानें लेण्याद्रीच्या पायऱ्या चढाव्या. जुन्नरपासून चारपांच किलोमीटरांवर हा डोंगर आहे, आणि पायऱ्या तीनशेंच्या आसपास आहेत. पहिल्या शंभर पायऱ्यांत बॅग चांगली वाटते, दुसऱ्या शंभरांत तिचे पट्टे खांद्यांना जाणवूं लागतात, आणि तिसऱ्या शंभरांत प्रवासी मनांतल्या मनांत कोणती लेन्स घरीं ठेवावी याचा विचार करूं लागतो. तो विचार त्यानें तेथेंच कागदावर टिपून ठेवावा. दिवसाच्या शेवटीं कोणत्या लेन्सनें किती चित्रें घेतलीं, हें कॅमेराच सांगतो. जी लेन्स दोन दिवसांत एकदांही बाहेर निघाली नाहीं, ती रोमच्या गल्ल्यांत किंवा टोकियोच्या स्टेशनावर बहुधा निघणार नाहीं. अपवाद अर्थातच कामाचा असतो. रानांतील प्राणी टिपण्यासाठीं आफ्रिकेंत जाणाऱ्यानें दूरची लेन्स ठेवावी आणि दुसरें कांहीं वगळावें. केवळ शहरें पाहणाऱ्यानें तिचा मोह सोडावा.

डोंगर चढून गेल्यावर दुसरी परीक्षा सुरू होते, ती अंधाराची. लेण्याद्रीच्या सातव्या लेण्यांत गिरिजात्मजाचें स्थान आहे, आणि त्याच्या शेजारीं सहावें लेणें हें चैत्यगृह आहे. बाहेर डोळे दिपविणारें ऊन आणि आंत खांबांमागें दाटलेली सावली, असा तो प्रकार. जुन्नरच्याच तुळजा लेण्यांत बारा खांबांनीं वेढलेलें वर्तुळाकार चैत्यगृह आहे. तेथेंही प्रकाशाचा असाच लपंडाव चालतो. अशा जागीं नवशिक्याला ट्रायपॉडाची आठवण होते. परंतु पुरातत्त्व खात्याच्या संरक्षित वास्तूंत ट्रायपॉड लावण्यास पूर्वपरवानगी लागते. युरोपांतील पुष्कळ संग्रहालयांतही ट्रायपॉड आणि फ्लॅश यांना मनाई असते. म्हणून प्रवाशानें येथेंच हात स्थिर ठेवण्याची संवय करावी: कोपर छातीशीं टेकवावें, पाठ भिंतीच्या कडेला न्यावी पण कोरीव कामाला टेकूं नये, श्वास सोडून मग कळ दाबावी, आणि कॅमेऱ्याची प्रकाशग्रहणशक्ति किती वाढविली म्हणजे चित्र दाणेदार होतें, हें पाहून ठेवावें. एवढें साधलें, कीं दीड किलोंचा ट्रायपॉड घरीं राहूं शकतो. रात्रीचें आकाश किंवा धबधबे हेंच ज्याचें उद्दिष्ट आहे, त्यानें तो न्यावा. मात्र तो कपड्यांत गुंडाळून मोठ्या बॅगेंत ठेवावा.

तिसरा शत्रु म्हणजे ओल. आंबेगांव तालुक्याच्या पश्चिमेस आहुपे आणि भीमाशंकरच्या बाजूला घाटमाथा आहे. पावसाळ्यांत आणि त्यानंतरही तेथें ढग जमिनीवर उतरतात. भीमाशंकरच्या अभयारण्यांत शेकरूची वाट पाहत तासभर उभें राहिलें, तर पाऊस न पडतांही कॅमेऱ्यावर पाण्याचे कण दिसूं लागतात. हवेंतील सापेक्ष आर्द्रता ६० ते ७० टक्क्यांच्या वर बराच काळ राहिली, कीं भिंगावर बुरशी धरण्याचा संभव असतो. ती एकदां कांचेवरील लेपांत रुजली, कीं पुसून जात नाहीं. यावर उपाय स्वस्त आहे. घट्ट झांकणाचा डबा किंवा हवाबंद पिशवी आणि तींत सिलिका जेलच्या पुड्या. त्यांचे दाणे ओल शोषून रंग बदलूं लागले, कीं मंद आंचेवर वाळवून पुन्हा वापरावे. थंड देशांतली गोष्ट थोडी निराळी. तेथें बर्फांतून उबदार खोलींत आलें, कीं थंड भिंगावर खोलींतील वाफ जमते. म्हणून दाराबाहेरच कॅमेरा पिशवींत बंद करावा, आणि आंत येऊन तो खोलीइतका उबदार होईपर्यंत पिशवी उघडूं नये. वातानुकूलित मोटारींतून घाटमाथ्यावर उतरतांना हाच अनुभव उलट्या क्रमानें येतो, आणि म्हणून ही संवयही येथेंच लागते.

मात्र ही तालीम जिवावर बेतूं नये. ३० जुलै २०१४ रोजीं सकाळीं आंबेगांव तालुक्यांतील माळीण गांवावर डोंगराचा कडा कोसळला आणि दीडशेंहून अधिक माणसें गाडलीं गेलीं. अतिवृष्टीच्या दिवसांत चित्रांच्या लोभानें डोंगरउतारावर जाऊं नये. त्याचप्रमाणें जुन्नरच्या उसाच्या पट्ट्यांत बिबट्यांचा वावर आहे. सायंकाळीं किंवा पहांटे एकट्यानें शेताच्या बांधावर कॅमेरा मांडून बसणें हें धाडस नव्हे, अविचार आहे. परक्या देशांत स्थानिक माणसाचा सल्ला ऐकावा लागतो. तो ऐकण्याचा अभ्यासही आपल्याच मुलखांत करावा.

दोन दिवसांच्या अशा भटकंतींत किती बॅटऱ्या संपल्या, याचाही हिशेब ठेवावा. तितक्याच बॅटऱ्या आणि वर एक, एवढें पुरतें. थंड प्रदेशांत त्या लवकर उतरतात, म्हणून अंगालगतच्या खिशांत ठेवाव्या. परंतु विमानांत त्यांच्याविषयीं कडक नियम आहेत, आणि ते नियम कां आहेत, हें समजून घेतलें तर ते जाचक वाटणार नाहींत. लिथियमच्या बॅटरीचीं टोकें धातूला लागलीं किंवा ती आंतून बिघडली, तर ती तापते, पेट घेते आणि शेजारच्या बॅटरीलाही पेटविते. ३ सप्टेंबर २०१० रोजीं दुबईजवळ एक मालवाहू विमान आग लागून कोसळलें. त्यांत अशा बॅटऱ्यांचा मोठा साठा होता, आणि दोन्ही वैमानिक मृत्युमुखीं पडले. प्रवाशांच्या कक्षांत आग लागली तर कर्मचाऱ्यांना ती दिसते व विझवितां येते. खालच्या सामानकक्षांत हें शक्य नसतें. म्हणून सुट्या बॅटऱ्या आणि पॉवर बँक हातबॅगेंतच न्यावयाच्या, आणि त्यांचीं टोकें टोपणानें किंवा चिकटपट्टीनें झांकावयाचीं.

किती मोठी बॅटरी चालते, हें काढणें सोपें आहे. व्होल्ट आणि अँपिअर-तास यांचा गुणाकार केला, कीं वॉट-तास मिळतात. ७.२ व्होल्ट आणि २ अँपिअर-तास अशी कॅमेऱ्याची बॅटरी १४.४ वॉट-तासांची होते, ३.७ व्होल्टांची २०,००० मिलिअँपिअर-तास पॉवर बँक ७४ वॉट-तासांची. १०० वॉट-तासांपर्यंत सामान्यतः हरकत नसते. १०० ते १६० पर्यंत कंपनीची अनुमति घ्यावी लागते. १६० च्या वर प्रवाशाला नेतां येत नाहीं. पॉवर बँकांची संख्या आणि विमानांत त्यांचा वापर यांवर कंपन्यांचीं निराळीं बंधनें असतात. तीं तिकिटाबरोबरच वाचून ठेवावीं. भिंतींतील प्लगचेंही तसेंच. निराळ्या देशांत त्याच्या पिनांचा आकार बदलतो, आणि अमेरिकेंत विजेचा दाब भारताच्या निम्म्याच्या आसपास असतो. अडॅप्टर केवळ आकार जुळवितो, दाब बदलत नाहीं. म्हणून चार्जरवर १०० ते २४० व्होल्ट असें छापलेलें आहे कीं नाहीं, तें आधीं पाहावें. घरचा तीनचार प्लगांचा एक बोर्ड आणि एकच अडॅप्टर नेला, तर हॉटेलांत सर्व वस्तूंची सोय होते. जुनी फिल्म वापरणाऱ्यानें ती सामानकक्षांत कधींही टाकूं नये. आणि विमानतळावरील नव्या सी.टी. तपासणी-यंत्रांनीं ती खराब होण्याचा धोका असल्यानें हातानें तपासण्याची विनंती करावी.

नाणेघाटांत पोंचलें, कीं जकातीचा विषय आपोआप निघतो. सातवाहनांच्या काळीं कोंकणांतील बंदरांकडून जुन्नरकडे येणारा व्यापार या खडकांत खोदलेल्या वाटेनें चढत असे. येथील गुहेंत राणी नागनिकेचा प्रसिद्ध ब्राह्मी शिलालेख आहे, आणि घाटाच्या माथ्यावर दगडी रांजण आहे. त्यांत जकातीचीं नाणीं टाकीत, असें परंपरा सांगते. समुद्रापलीकडील माणसेंही या मुलखांत आलीं होतीं: जुन्नरच्या लेण्यांतील तीन शिलालेखांत दाते स्वतःला 'यवन' म्हणवितात, त्यांपैकीं एकानें पाण्याचीं टाकीं दिलीं, तर एकानें भोजनमंडप दिला.

आजचा रांजण विमानतळावर असतो. परत येतांना महागडा कॅमेरा पाहून तो परदेशांत विकत घेतला काय, असा प्रश्न कस्टम्सचा अधिकारी विचारूं शकतो, आणि तो विचारणें हें त्याचें कर्तव्यच आहे. उत्तर तोंडीं देण्यापेक्षां कागदावर द्यावें. निघतांनाच विमानतळावर कस्टम्सकडे वस्तु दाखवून निर्यात-प्रमाणपत्र घ्यावें. त्यासाठीं थोडा वेळ हातीं ठेवावा लागतो. प्रत्येक कॅमेरा व लेन्स यांचा क्रमांक, खरेदीची पावती आणि एकेक छायाचित्र अशी यादी करून तिची एक प्रत बॅगेंत व एक घरीं ठेवावी. चोरी झाल्यास पोलिसांना आणि विमा कंपनीला हीच यादी लागते. धंद्याच्या कामासाठीं पुष्कळ सामग्री नेणाऱ्यास ए.टी.ए. कार्नेट नांवाचा दाखला मिळतो. भारतांत तो फिक्की ही संस्था देते. ड्रोन नेण्यापूर्वीं त्या देशाचा कायदा अवश्य पाहावा. मोरोक्को, इजिप्त यांसारख्या देशांत तो विमानतळावरच काढून घेतला जाण्याचा संभव असतो.

परवानगीचा दुसरा धडा जुन्नर तालुक्यांतील खोडद येथें मिळतो. तेथील रेडिओ दुर्बिणीच्या ३० अँटेना, प्रत्येकीचा व्यास ४५ मीटर, आकाशांतून येणाऱ्या अत्यंत क्षीण रेडिओ लहरी ऐकत असतात. फोन किंवा कॅमेऱ्यांतील वाय-फाय यांच्या लहरी त्यांच्या कामांत व्यत्यय आणतात. आपल्या हातांतील निरुपद्रवी यंत्र दुसऱ्याच्या कामाचा विघात करूं शकतें, हें येथें जितकें स्पष्ट होतें तितकें क्वचितच कोठें होत असेल. माणसांचेंही तसेंच आहे. आहुप्याच्या वाटेवर लांकडाची मोळी घेऊन येणाऱ्या म्हातारीला "आजी, फोटो काढूं का?" असें विचारावें, आणि ती "नको रे बाबा" म्हणाली तर कॅमेरा खालीं घ्यावा. ज्याला येथें नकार ऐकतां आला, त्याला परक्या भाषेंतील नकारही समजतो.

शेवटची गोष्ट चित्रांच्या प्रतींची. आणि खरें पाहतां बॅगेंतील सर्वांत मोलाची वस्तु हीच. कॅमेरा पुन्हा विकत मिळतो. घेतलेलें चित्र मिळत नाहीं. ज्या आंबेगांवावरून तालुक्याला नांव मिळालें, तें मूळ गांव आज घोड नदीवरील डिंभे धरणाच्या जलाशयाखालीं आहे. तालुक्याचा कारभार घोडेगांवाहून चालतो. त्या गांवाची गल्ली, पार, देवळापुढची जागा आज पाहावयाची, तर जुन्या माणसांच्या आठवणींत किंवा जपून ठेवलेल्या एखाद्या छायाचित्रांतच. दृश्य नाहींसें झाल्यावर चित्राची किंमत कळते. ती आधीं कळली पाहिजे.

म्हणून प्रवासांत रोज रात्रीं निजण्यापूर्वीं त्या दिवसाच्या चित्रांची एक प्रत डिस्कवर उतरवावी. कार्ड पुसून पुन्हा वापरूं नये. चारदोन जास्त कार्डें नेलीं तर त्यांचें वजन फारसें होत नाहीं. कार्डें आणि डिस्क एकाच बॅगेंत कधींही ठेवूं नयेत. एक अंगावर, दुसरी सोबत्याजवळ. आणि दोन्ही विमानांतून परततांना हातांत, सामानकक्षांत नव्हे. घरीं पोंचल्यावर दोन ठिकाणीं प्रती झाल्या, त्या उघडून पाहिल्या, कीं मगच कार्ड मोकळें करावें. आणि त्याच दिवशीं, बॅग रिकामी करतांना, प्रवासांत एकदांही हातीं न लागलेली प्रत्येक वस्तु वेगळी काढून तिचें नांव यादींतून खोडावें. पुढच्या प्रवासाची बांधाबांध तेथूनच सुरू होते.